हौद्याची मधली माती

कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कवायतीच्या सरांनी आम्हा मुलांच्या छात्या मोजल्या. माझ्याभोवती टेप गुंडाळून ते म्हणाले, "एकोणतीस. हं, आता फुगव."

"फुगवलीय, सर," मी म्हणालो.

सगळी मुलं हसली. मी विनोद केला नव्हता, विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं होतं. पण त्या दिवसापासून खानावळीत कुणी ना कुणी आपली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकायचं आणि म्हणायचं, "घे, फुगव."

शनिवारी सोलापूरहून एसटीनं तामलवाडीच्या फाट्यावर उतरलो, दोन कोस चालत गावात आलो आणि घरी न जाता थेट तालमीत गेलो. आमच्या गावची तालीम म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून असलेली एक ठेंगणी खोली. दारातून दोन पायऱ्या उतरलं की हौदा, म्हणजे लाल मातीचा चौकोन, भोवती पायरीच्या उंचीचा काठ. त्या मातीत घराघरांतून आलेलं तेल, ताक, हळद आणि लिंबं मुरवलेली असायची. वस्ताद साठीच्या घरातले होते. निजामाच्या राज्यात त्यांनी लांबलांबचे फड मारले होते. ते राज्य जाऊन आता दहा वर्षं होत आली होती, पण वस्तादांचा एक कान तेव्हाचाच मोडलेला होता.

"वस्ताद, मला छाती करायचीय," मी म्हणालो.

"कुणाची?"

"माझीच."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "कवापतोर?"

"दिवाळीपर्यंत झाली तर..."

"दिवाळीला करंज्या हुत्यात, लेका. छाती न्हाय. ते कोपऱ्यातलं फावडं घे."

आमच्या तालमीचा रिवाज असा होता की नव्या गड्यानं पहिले चार महिने जोर काढायचे नाहीत, कुणाशी झोंबायचं नाही, नुसता हौदा खणायचा. माती रोज खालीवर केली नाही तर ती बसते, आणि बसलेल्या मातीवर पडलेला गडी पुन्हा उठत नाही. मी आठवड्यातून दोनच दिवस गावात असणार हे ऐकून वस्तादांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "मंग तुजे चार महिनं वरीसभर चालायचे. सबुरी धर."

सबुरी हा शब्द मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकला की त्याचा अर्थ कळेनासा झाला. गावात कपडे शिवणारे चाचा होते. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन छाती मोजून घेत असे. ते दुकानाच्या फळीवर खडूनं रेघ मारत. पहिल्या सहा रविवारी ती रेघ त्याच रेघेवर पडली.

"सबर कर, बेटा," ते म्हणत. "ही छाती हाय, तव्यावरची भाकरी न्हाय लगोलग फुगायला."

मी सबुरी धरली. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी हौदा खणला. हाताला फोड आले, ते फुटले, त्यांचे घट्टे झाले. एक मात्र सांगायला हवं, की दिवाळीच्या सुट्टीत चाचांनी टेप गुंडाळला, डोळ्यांवरचा चष्मा वर केला, पुन्हा गुंडाळला आणि नवी रेघ मारली. अर्धा इंच. मी घरी पळत गेलो. आई म्हणाली, "कुठं काय लागलं का?"

त्याच सुट्टीत माझा मित्र मला ओढ्यावर भेटला.

आमच्या गावातून मॅट्रिक झालेले आम्ही दोघंच. त्याला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. पण माझ्या बापाची विहीर होती आणि त्याला बापच उरला नव्हता. म्हणून मी कॉलेजात गेलो आणि तो सडकेच्या कामावर खडी फोडायला गेला. तो ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. त्या वस्तीला गाव महारवाडा म्हणायचं. तिथल्या लोकांनी दोनेक वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता, पण गावानं जुनंच नाव चालू ठेवलं होतं. गावाला नव्याची सवय व्हायला वेळ लागतो, असं मीच त्याला एकदा समजावून सांगितलं होतं.

"तालमीत जायलास म्हणं," तो म्हणाला.

"हो. अर्धा इंच वाढली."

"मलाबी यायचंय."

मी ओढ्यात एक खडा टाकला.

"मला कुस्ती जिकायची न्हाय, गड्या," तो म्हणाला. "हरायचीबी न्हाय. त्या मातीत एकदा उतरायचंय, बस. ती माती माळावरनं कुणी आणलीय? माज्या बापानं. डोक्यावर टोपली घिऊन पायरीपतोर जायचा आन् पायरीवरनं आत फेकायचा. पायरीपतोर त्येचं चालायचं. मला पायरीच्या खाली उतरायचंय."

त्याचं म्हणणं मला पटलं. मी त्याच संध्याकाळी वस्तादांना विचारलं. वस्ताद वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. ते म्हणाले, "माजं काय न्हाय, बाबा. पण गाव काय म्हणंल?" मग मी गावाला विचारलं, म्हणजे चावडीवर बसणाऱ्या चार मोठ्या माणसांना. ती माणसं म्हणाली, "आमचं काय न्हाय. पण वस्तादाची तालीम हाय. त्येंला इचारा." मी पुन्हा वस्तादांकडे गेलो. असा मी त्या सुट्टीत बराच चाललो. व्यायाम म्हणून ते वाईट नव्हतं.

शेवटी मला एक तोड सुचली. तेव्हा ती मला फार हुशारीची वाटली होती. मी वस्तादांना म्हणालो, "नवा गडी पहिले चार महिने कुस्ती करतच नाही. नुसतं खणतो. मग त्याला खणू द्या की. पुढचं पुढं बघू."

वस्तादांनी मिशीवर हात फिरवला. "खणायला काय, फावड्याचा दांडा लाकडाचा हाय, लाकडाला इटाळ न्हाय. पण आत उतरून न्हाय हं. काठावर हुबं ऱ्हाऊन. दुपारच्याला, कुणी नसताना."

"आणि नंतर?"

"काळ बदलायलाय, पोरा. हुईल की समदं. त्येला म्हणावं, सबुरी धर."

मी हे ओढ्यावर जाऊन त्याला सांगितलं. चेहरा पडलेला दिसला म्हणून धीर द्यायला म्हणालो, "हे बघ, शरीर एका दिवसात घडत नाही. रोज थोडं थोडं, न कंटाळता करावं लागतं. समाज हेसुद्धा एक मोठं शरीरच आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "लई झ्याक बोललास. लिहून ठेव."

मी खरोखरच लिहून ठेवलं.

त्यानंतर तो रोज दुपारी, खडीच्या कामावर जेवायची सुट्टी झाली की, तालमीत येऊन काठावरून हौदा खणायला लागला. बाकीच्या नव्या गड्यांची खणण्यातून सुटका झाली आणि ती त्यांना आवडली. माझीही झाली. चावडीवर सगळे म्हणाले की वस्तादांनी फार मोठं मन दाखवलं. मलाही दोन शब्द चांगले ऐकायला मिळाले. कॉलेज शिकलेल्या पोरामुळं गावात सुधारणा झाली, असं कुणीतरी म्हणालं. मी मान खाली घातली, पण ऐकलं.

हिवाळ्यात कॉलेजात वक्तृत्वाची स्पर्धा झाली. मी कधी भाषण केलं नव्हतं. पण माझ्याकडे ते लिहून ठेवलेलं वाक्य होतं. विषय घेतला 'सबुरी : शरीराची आणि समाजाची'. गावाचं नाव न घेता तालमीचं उदाहरण दिलं. एक तरुण रोज दुपारी काठावर उभा राहून माती खणतो आणि आपली वेळ येण्याची वाट पाहतो, असं सांगताना मी आवाज खाली आणला. टाळ्या पडल्या. मला दुसऱ्या नंबरचा पेला मिळाला.

पेला घेऊन घरी आलो. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणतो, सहीपुरतंही लिहीत नाहीत. त्यांनी पेला उलटासुलटा करून पाहिला.

"ह्ये कशाबद्दल दिलं?"

"सबुरीवर बोललो."

"किती येळ?"

"सात मिनिटं देतात. मग घंटा होते."

"तुजं सरलं व्हतं का तवर?"

"नाही. घंटा झाली म्हणून थांबलो."

दादांनी पेला फळीवर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला. "बरं झालं," एवढंच म्हणाले. कशाबद्दल बरं झालं, ते मी विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तादांनी मला पहिल्यांदा कुस्तीला उभं केलं. चाचांच्या फळीवरची रेघ दिवाळीपासून हलली नव्हती, ही गोष्ट तेव्हा मला विचार करण्यासारखी वाटली नाही. समोर माझ्याच वयाचा, पाटलाच्या शेतावर काम करणारा गडी होता. मी मातीला हात लावून कपाळाला लावला, शड्डू ठोकला. शड्डूचा आवाज बरा आला. त्यानंतर फार काही झालं नाही. त्यानं मला कमरेत धरून उचललं आणि हौद्याच्या बरोबर मध्यावर आपटलं.

मातीवर पडल्यासारखं मुळीच वाटलं नाही. खळ्यातल्या जमिनीवर पडल्यासारखं वाटलं. कट् असा आवाज झाला आणि मला श्वास घेता येईना.

वस्ताद धावत आले. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माती पाहिली. टाच आपटून बघितली. हौदा कडेनं लोण्यासारखा मऊ होता. मधे मात्र पाच-सहा हात जागा दगडासारखी झाली होती. काठावर उभं राहून फावडं तिथवर पोचतच नव्हतं. इतर गडी कसलेले होते, ते मधे पडत नसत. त्यांना ती जागा ठाऊक होती. मधे पडायला एक नवखाच लागणार होता.

हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं बरगडी मोडल्याचं सांगितलं आणि छातीभोवती कापडाची लांबलचक पट्टी आवळून बांधली. वीस दिवस पडून राहायचं. तो जाता जाता काय म्हणाला, ते वेगळं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी चाचा भेटायला आले. येताना टेप गळ्यातच होता. मला हसवावं म्हणून त्यांनी पट्टीवरूनच मोजलं. "बत्तीस!" ते म्हणाले. "माशाल्ला!" हसल्यावर बरगडी किती दुखते ते मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मित्र आला. तो ओसरीच्या कडेला, पाय अंगणात सोडून बसला. आईनं त्याला चहा दिला, तो कोनाड्यात वेगळा ठेवलेल्या कपातून. मी ते पाहिलं. बरगडी दुखते म्हणून मी बोलत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

"मधी कडक हुती ना?" त्यानं विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"खणणाऱ्याला ठाऊक नसंल व्हय? म्या वस्तादास्नी दोनदा सांगितलं, मधी फावडं पोचत न्हाय. म्हणले, लांब दांड्याचं फावडं करून घिऊ. सबुरी धर."

मला हसू आलं आणि मी कळवळलो. तो मात्र हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "तुजं भाषण म्या वाचलं. तुज्या दादानी कागद दाखवला, वाचून दाखव म्हणले. चांगलं हाय. पण एक इचारू का?"

"विचार."

"तुला वस्ताद सबूर म्हणले, ते मातीत हुबं करून. हातात फावडं दिऊन. तुजी अर्धा इंच वाढली ती खणून वाढली. खणणं सोडलंस आन् वाढायची थांबली, बघ त्या फळीवर. मला सबूर म्हणले ते काठावर हुबं करून. तालमीत रोज आलो, तरी मातीला माजा पाय लागला न्हाय. माजं दिस तर मोजायलाच सुरुवात झाली न्हाय, मर्दा. मंग सबुरी कशाची धरू?"

मी म्हणालो, "मी वस्तादांशी बोलतो."

"बोल," तो उठत म्हणाला. "सात मिनिटं."

पट्टी सुटली त्या दिवशी मी वस्तादांकडे गेलो. मित्र म्हणाला होता ते सगळं, जवळजवळ त्याच्याच शब्दांत, त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरगडी सांधायला किती दिस लागले?"

"वीस."

"येवढ्याशा हाडाला ईस दिस. मंग येवढ्या गावाला?"

मला राग आला. तो उत्तर चुकीचं वाटलं म्हणून आला नाही. ते माझ्याच भाषणातलं वाटलं, म्हणून आला.

मित्रानं खणणं सोडलं. पावसाळ्यात तो पोलीस भरतीला उस्मानाबादला गेला आणि निवडला गेला. जाण्याआधी फाट्यावर भेटला तेव्हा म्हणाला, "छत्तीस भरली. मला फुगव म्हणायची येळच आली न्हाय त्येंच्यावर." मग एसटी आली. ती नेहमीप्रमाणे उशिरानं आली म्हणून एवढं तरी बोलणं झालं.

मी पुन्हा फावडं घेतलं. दर शनिवारी, रविवारी हौद्यात उतरून आधी मधली माती खणायची आणि मग कडेची, असं मी ठरवून टाकलं. मधली माती फोडायला दोन महिने लागले. कुस्ती मी पुन्हा केली नाही. वस्ताद म्हणाले, "आता जोर काढ की." मी म्हणालो, "काढीन, वस्ताद. आधी एवढं होऊ द्या." का कोण जाणे, त्यांनी सबुरी हा शब्द काढला नाही.

पुढच्या चैत्रात गावची जत्रा आली. जत्रेच्या कुस्त्या ओढ्याकाठच्या पटांगणात होतात. तिथं नांगरून मोकळी केलेली जमीन असते आणि कुस्त्यांआधी तालमीतली पाच टोपल्या लाल माती वाजतगाजत नेऊन फडाच्या मध्यावर पसरतात. ती पसरली की फड तालमीएवढाच पवित्र. पायांत काही घालून आत जायचं नाही, आणि तालमीत ज्याला मनाई, त्यानं इथंही आत जायचं नाही. त्या वर्षीच्या टोपल्या मी भरल्या, हौद्याच्या मधल्या मातीनं.

बंदोबस्ताला दोन पोलीस आले होते. एक म्हातारे हवालदार, आणि दुसरा माझा मित्र. खाकी कपडे, पायांत बूट आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्या. गेल्या साली त्याला दारात उभं न करणारी माणसं त्याला "या, जमादार" म्हणत होती. तो फडाच्या दोराला लागून, बाहेर उभा राहिला. मी पलीकडच्या बाजूला होतो. आमची नजरानजर झाली, पण तो कामावर होता.

शेवटची कुस्ती आमच्या गावाची आणि शेजारच्या गावाची. आमचा गडी खाली गेला. चितपट झाला की एका अंगावर पडला, यावरून आरडाओरडा झाला. शेजारच्या गावाची माणसं आपल्या गड्याला खांद्यावर घ्यायला आत घुसली, आमची माणसं त्यांना अडवायला घुसली. फेटे सुटले. कुणीतरी काठी उचलली. वस्ताद पंच होते. ते मधे सापडले. त्यांचा चांगला कान कुणीतरी धरला होता.

हवालदार चहाला गेले होते.

"ये की आत! ये जमादार!" चावडीवरचे चारही जण एकदम ओरडायला लागले. "आरं बघतोस काय? आत ये!"

मित्र खाली बसला. त्यानं एका पायाची पट्टी सोडायला घेतली.

त्या पट्ट्या लांब असतात. एक एक वेढा सोडत, हातावर नीट गुंडाळत तो बसला. मधे काठी कुणाच्या तरी पाठीत बसली.

"आरं काय करायलास?" वस्ताद गर्दीतून ओरडले. "लवकर आत ये, बाबा! आत ये!"

"बूट काढायलोय, वस्ताद," तो मान वर न करता म्हणाला. "मातीत बूट घालून कसं येऊ? जरा सबुरी धरा."

हे सगळ्या फडानं ऐकलं. मारामारीतल्या काहींनीही ऐकलं असावं, कारण दोघेतिघे हात वर धरूनच त्याच्याकडे बघायला लागले. दुसऱ्या पायाची पट्टी सुटली. बूट निघाले. ते त्यानं एकाला एक लावून दोराबाहेर ठेवले. मग दोराखालून आत गेला, वाकला, मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि अनवाणी, सावकाश, फडाच्या मध्यावर चालत गेला. त्याला काठी उगारावी लागली नाही. माणसं आपोआप बाजूला झाली. वस्तादांना त्यानं दंडाला धरून उठवलं आणि त्यांच्या पाठीवरची माती झटकली.

संध्याकाळी चावडीवर बोलणं निघालं. सगळ्यांचं एकमत होतं. "बघा, सबुरी धरली त्यानं. उतरला का न्हाय मातीत?" मी तिथंच होतो. मी त्या वेळी काहीतरी चांगलं बोललो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी उठून बाहेर आलो.

मित्र फाट्याच्या वाटेवर दगडावर बसून पुन्हा पट्ट्या गुंडाळत होता. मी शेजारी बसलो.

"मधली माती मऊ हुती," तो म्हणाला. "कुणी खणलीय?"

"मी."

"छाती किती झाली?"

"एकतीस."

"फुगवून?"

"न फुगवता."

तो हसला. खूप दिवसांनी हसलेला पाहिला. मी धीर करून विचारलं, "पण हा जत्रेचा फड झाला. तालमीच्या पायरीचं काय करायचं?"

आज मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती पायरी अजून तिथंच आहे आणि तिच्याखाली कोण उतरतं तेही बदललेलं नाही. आता फार दिवस राहिले नाहीत, असं वस्ताद म्हणतात. मी अजून शनिवारी खणायला जातो, आणि दर वेळी मला त्याचं त्या दिवशीचं उत्तर आठवतं.

पट्टीचं टोक खोचून, उठून उभा राहत तो म्हणाला होता, "तालमीत एकदा भांडण लाव की. म्या येतो बूट काढत."